समोरच्या डोळ्यांवरची पिशवी

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो, आणि मला शिसारी आली आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. जुनी छत्री, जुनं घड्याळ, जुना बाक अशी मंडळी तुम्हाला आपली कहाणी सांगतात तेव्हा कशी हळवी होतात, गोड बोलतात. बोलू देत बापडी. मी एकतीस वर्षं रोग पाहिले आहेत. माझ्या तोंडून गोड निघायचं नाही. खरं म्हणजे मला तोंडच नाही, आणि ज्यांना ते आहे ते त्यात काय काय कोंबतात हे पाहूनच माझी ही गत झाली आहे.

माझा जन्म एका थंड, स्वच्छ कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझी भिंगं एकेक करून घासली, पुसली, बसवली. मी साधा सूक्ष्मदर्शक नव्हे. मला डोळ्यांच्या दोन जोड्या आहेत, समोरासमोर. टेबलाच्या या बाजूला एक माणूस बसतो, त्या बाजूला दुसरा, आणि दोघांना एकाच वेळी तेच दिसतं. शिवाय माझ्या पोटात एक छोटा हिरवा बाण आहे. एकाने बटण फिरवून तो बाण एखाद्या ठिपक्यावर नेला की दुसऱ्यालाही तोच ठिपका दिसतो. ‘बघा, मी हे म्हणतोय,’ असं सांगायची ती सोय. दोघांनी मिळून बघावं एवढ्यासाठी मला बनवलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी चीड त्यातूनच आली आहे.

मी आलो तो एका मोठ्या दवाखान्यात, पहिल्या मजल्यावरच्या खोलीत. तीन खिडक्या, एक बेसिन, एक खडखडणारा फ्रीज, आणि डोळ्यांत पाणी आणणारा औषधाचा वास. वरच्या मजल्यावर ऑपरेशन झालं की कापून काढलेला तुकडा बरणीतून आमच्याकडे येई. तो मेणाच्या वडीत बसवायचा, यंत्रावर त्याचा इतका पातळ काप काढायचा की असे पंधरा-वीस काप एकावर एक रचले तर कुठे एका केसाची जाडी भरावी. मग तो काचेवर घ्यायचा, गुलाबी-जांभळा रंगवायचा, आणि माझ्याखाली ठेवायचा. ते कापायचं आणि रंगवायचं काम करणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. ताईंचा हात असा की काप कधी सुरकुतला नाही.

काचा वाचून निदान करणाऱ्या डॉक्टर म्हणजे मोठ्या बाई. सगळा मजला त्यांना वचकून असे. त्यांचा एकच नियम होता: दोघांनी बघितल्याशिवाय सही नाही. समोर दुसरा डॉक्टर नसला तर त्या ताईंना बसवत. ताईंना सहीचा अधिकार नव्हता, पण नजर होती. बाई म्हणत, “अगं, ‘आहे’ लिहायला अक्कल लागत नाही. एकदा दिसलं की झालं. ‘नाही’ लिहायला सगळी काच बघावी लागते. ‘नाही’ला जास्त वेळ लागला पाहिजे.”

आता नानांबद्दल सांगतो. नाना म्हणजे आमचे शिपाई. मी खोक्यातून बाहेर आलो त्या दिवसापासून माझी साफसफाई त्यांच्याकडे. सकाळी आठ वाजता ते येत, मऊ कागदाने माझी भिंगं गोल गोल पुसत, रबरी फुग्याने फुस्स करून धूळ उडवत. मला ते ‘दुर्बीण’ म्हणत. ताई हसत म्हणत, “नाना, दुर्बिणीतून लांबचं दिसतं. हा जवळचं बघतो.” नाना म्हणत, “बघतो ना? मग झालं!” त्यांनी आपल्या बायकोकडून माझ्यासाठी निळ्या कापडाचं टोपरं शिवून आणलं होतं. दोन कान असलेलं, दोन्ही बाजूंच्या डोळ्यांवर नीट बसणारं, खाली बांधायला नाड्या. आख्ख्या दवाखान्यात एवढं लाडाकोडाचं यंत्र दुसरं नव्हतं.

पण मित्रांनो, त्या माणसाचा वास! खिशात पत्र्याची डबी. दर तासाला डबी उघडायची, तळहातावर तंबाखू आणि चुना घ्यायचा, अंगठ्याने मळायचा, चापट मारून भुकटी उडवायची आणि गोळी डाव्या गालात सारायची. तेच बोट घेऊन माझ्याकडे यायचं. एकदा फुगा सापडेना म्हणून नानांनी तोंडानेच फुंकर मारली आणि तंबाखूचा ओला कण माझ्या भिंगावर येऊन चिकटला. मला ओकारी येण्याची सोय असती तर मी त्या टेबलावरच ओकलो असतो.

“नाना, तोंडातलं ते आधी थुंकून या!” बाई ओरडल्या.

“हो बाई,” म्हणत नाना जिन्याच्या कोपऱ्यात थुंकून आले. तो कोपरा कसा दिसे ते मी बघितलेलं नाही, पण सफाईवाल्या मावशी रोज ज्या शिव्या देत त्यांवरून कल्पना येई. पालथ्या घड्यावर पाणी! आणि सगळ्यात किळसवाणी गोष्ट ऐका. वरच्या मजल्यावरून बरण्या आणायचं कामही नानांचंच. कुणाचा जबडा, कुणाचा गाल, कुणाची अर्धी जीभ. हातात दुसऱ्याची कापलेली जीभ आणि गालात आपली तंबाखू, असा तो माणूस सव्वीस वर्षं जिने चढला-उतरला. ती बरणी कुठून भरते हे त्यांना कळत नव्हतं का? कळत होतं हो. ‘मला नाही होणार’ असं प्रत्येकाला वाटतं, तसं त्यांनाही वाटत होतं.

नानांनी मला इतकी वर्षं पुसलं, पण माझ्यातून एकदाही बघितलं नाही. शिपायाने बघायचं नसतं असा कुठे नियम नव्हता. फक्त ‘या, बघा’ असं कुणी म्हणालं नाही. मोठ्या बाईसुद्धा तसं म्हणाल्या नाहीत. हेही मी विसरलेलो नाही.

मग बाई निवृत्त झाल्या. वर्षाभराने नानाही निवृत्त झाले. जाताना टोपऱ्याच्या नाड्या दोनदा बांधल्या त्यांनी. पुढे नवे साहेब आले. खरं नाव दारावर लिहिलेलं आहे, मी त्यांना घाईसाहेब म्हणतो.

पहिल्या दिवशी साहेबांनी इकडेतिकडे बघितलं, डब्याची पिशवी कुठे अडकवावी हे त्यांना कळेना, आणि त्यांनी ती माझ्या समोरच्या डोळ्यांना अडकवली. तिथेच ती राहिली. जेवायला जाताना काढायची, आल्यावर अडकवायची. भाजीचं तेल झिरपून माझ्या भिंगाच्या कडेला बसलं. त्यावर धूळ, धुळीवर बुरशी. बिस्किटं खाऊन तीच बोटं माझ्या चाकांवर. टोपरं फाटलं, ते कुणीतरी बेसिन पुसायला घेतलं. ज्या डोळ्यांमधून बाई आणि ताई एकमेकींशी भांडत खरं शोधायच्या, त्या डोळ्यांना लोणच्याचा वास येऊ लागला. सांगा, शिसारी नाही येणार?

साहेब वाईट नव्हते, हे सांगायला हवं. डॉक्टरांच्या दोन जागा रिकाम्या होत्या आणि रोज ऐंशी काचा त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर. माणूस पळणारच. पळता यावं म्हणून त्यांनी संगणकात एक तयार फॉर्म करून ठेवला होता. तोंडाच्या कर्करोगाचा तुकडा आला की तो फॉर्म उघडायचा. गाठीचं माप तेवढं बदलायचं. बाकीच्या ओळी आधीच भरलेल्या: कडेला रोग: नाही. मानेतल्या गाठींत रोग: नाही. नसेत शिरकाव: नाही. काही वेगळं दिसलंच, तर ‘नाही’ खोडून ‘आहे’ करायचं. म्हणजे बघा, बाईंच्या खोलीत ज्या शब्दाला सगळ्यात जास्त वेळ लागायचा, त्याला आता काहीच वेळ लागत नव्हता. तो बघायच्या आधीच लिहिलेला असे!

ही नस म्हणजे काय ते सांगतो. रक्ताची नव्हे. तुमच्या शास्त्राच्या पुस्तकात जिला चेतातंतू म्हणतात ती. जिभेला चटका बसला हे डोक्याला कळवते ती. माझ्याखाली ती फिकट, नागमोडी धाग्यांच्या लडीसारखी दिसते, फार देखणी. आणि कर्करोगाच्या काही पेशी अशा नीच असतात की त्या ही लड हेरतात. तिच्याभोवती वेढा घालतात, आत घुसतात आणि तिच्याच वाटेने गुपचूप पुढे सरकतात, भिंतीतल्या वायरीच्या नळीतून झुरळांनी दुसऱ्या खोलीत जावं तसं. वर डॉक्टर गाठ कापून काढतात, कडा स्वच्छ येतात, सगळे हुश्श म्हणतात, आणि ही नळीतली झुरळं केव्हाच पुढे गेलेली असतात. म्हणून नसेत रोग दिसला तर नुसत्या ऑपरेशनवर थांबून भागत नाही. गाठ लहान असली तरी ती परत येण्याची भीती जास्त असते. मग बहुतेक वेळा रेडिएशन द्यावं लागतं, ज्याला लोक शेक म्हणतात, आणि ते ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं लागतं. हे सगळं त्या एका ओळीवर ठरतं. आहे की नाही.

एके दिवशी एक बरणी आली. जिभेच्या डाव्या कडेचा तुकडा. ताई तेव्हा आईच्या आजारपणासाठी महिनाभर रजेवर होत्या, काप दुसऱ्याच कुणी काढले. फॉर्मवर नंबर, वय आणि एक पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

साहेबांनी पहिली काच ठेवली, सरकवली. दुसरी. तिसऱ्या काचेत, गाठीपासून थोडी बाजूला, ती होती. फिकट लड, आणि तिच्याभोवती गडद जांभळ्या पेशींचा घट्ट वेढा. काही तर आत घुसलेल्या. मला दिसली! साहेबांच्या डोळ्यांखालूनही ती गेली, पण फोन वाजत होता, त्यांनी फोन खांद्यात धरला आणि डाव्या हाताने काच सरकवली. चौथी काच. फॉर्म उघडला. माप दीड सेंटीमीटर. सही.

मित्रांनो, मला माझीच किळस आली त्या दिवशी. जन्मभर मिरवलं की मला सगळं दिसतं. काय चाटायचंय दिसून? माझ्या पोटातला हिरवा बाण मला स्वतःला हलवता येत नाही. समोर दुसरं कुणी बसलेलं असतं तर ‘थांबा’ म्हणालं असतं. समोर डब्याची पिशवी होती.

पुढे ताई रजेवरून आल्या. दोन-तीन दिवसांनी दुपारी रिपोर्टच्या खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. तिशीची असेल. बोटांवर सुयांच्या खुणा. ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर बसवायचं काम करते हे मला नंतर कळलं.

“ताई, ओळखलंत का? मी नानांची मुलगी.”

“अगं बाई! तू होय? बाबांचा डबा घेऊन यायचीस, तेव्हा खिडकीपर्यंत हात पुरायचा नाही तुझा!”

तिने पिशवीतून घडी केलेलं निळं कापड काढलं. “बाबांनी पाठवलंय. त्यांच्या दुर्बिणीला. घरी बसून आहेत ना, सारखं तेच. म्हणाले, जुनं फाटलं असेल, आणि नव्या लोकांना सुचायचं नाही. मग माप सांगत बसले, आणि मी शिवलं. दोन कान लागतात म्हणे.”

मला टोपरं! त्या लोणच्याच्या वासात बसलेल्या मला! काय वाटलं ते सांगत नाही.

“घरी बसून का? बरं नाही का नानांना?” ताईंनी विचारलं.

“म्हणजे तुम्हाला माहीत नाही? इथेच तर झालं ऑपरेशन. जिभेचं.” तिने टोपऱ्याची घडी ताईंच्या हातात दिली. “पण सुटलो हो ताई. रिपोर्ट एकदम चांगला आला. सगळं नाही, नाही, नाही! डॉक्टर म्हणाले शेकसुद्धा नको, तीन महिन्यांनी दाखवायला या.”

“देव पावला. आता त्रास नाही ना काही?”

“नाही तसा. बोलणं बोबडं झालंय, त्याला आम्ही हसतो, तेही हसतात. फक्त त्या मुंग्या. मला वाटलं ऑपरेशनमुळे, तर म्हणतात, नाही गं, आधीपासून होत्या, दोन-तीन महिने. जिभेच्या कडेला मुंग्या यायच्या आणि कानात कळ जायची. दाढेचं असेल म्हणून कुणाला बोललेच नाहीत. आमचे बाबा म्हणजे काय, तुम्हाला ठाऊकच आहे.”

ताईंचा हात टोपऱ्यावरच थांबला. मोठ्या बाईंसमोर त्या एकोणीस वर्षं बसल्या होत्या. मुंग्या आणि कळ म्हणजे नसेकडे बघ, हे त्यांना झोपेतही आठवलं असतं.

“ऑपरेशनला किती दिवस झाले?”

“उद्या सत्तावीस होतील. का हो?”

“काही नाही. बाबांचं पूर्ण नाव काय गं? कागदावरचं?”

तिने सांगितलं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं. नानांना नाना सोडून दुसरं नाव असेल असं कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं.

“जरा बाकड्यावर बस. जाऊ नकोस,” ताई म्हणाल्या.

साहेब जेवायला गेले होते, त्यामुळे पिशवी नव्हती. ताईंनी कपाटातून त्या चार काचा काढल्या. पहिली हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दुसरी तशीच. तिसरीवर त्या थांबल्या. भिंग बदललं, जवळून बघितलं, परत लांबून बघितलं.

“नाना,” त्या म्हणाल्या, अगदी हळू. “काय करून ठेवलंत हे.”

मग त्या उठल्या आणि माझे समोरचे डोळे पुसू लागल्या. आधी औषधाचा बोळा, मग मऊ कागद, मग पुन्हा बोळा. तेल निघालं, बुरशी निघेना, ती नखाने खरवडायची नसते म्हणून सहा-सात वेळा पुसली. हिरवा बाण त्या वेढ्यावर नेऊन ठेवला. आणि त्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

साहेब आले. सवयीने पिशवी अडकवायला हात पुढे केला, तिथे ताईंचं डोकं.

“हे काय नवीन?”

“साहेब, बसा ना. एक मिनिट बघायचंय.”

“ताई, माझ्या टेबलावर अठ्ठावन्न काचा पडल्यात. तुम्ही काचा करा, वाचायचं माझ्यावर सोडा.”

“सोडलंच होतं. सही मी कधी केली नाही, आजही करत नाही. तुम्ही फक्त बघा.”

साहेबांनी काचेवरचा नंबर वाचला. “ही केस संपलीये. रिपोर्ट गेला, पेशंट घरी गेला.”

“गेलाय म्हणूनच म्हणतेय. बसा.”

त्यांचा ‘बसा’ ऐकून मला बाईंची आठवण झाली. साहेबांनाही त्या आवाजापुढे उभं राहणं जमलं नसावं. पिशवी मांडीवर घेऊन ते बसले आणि त्यांनी डोळे लावले. इतक्या दिवसांनी माझ्या दोन्ही बाजूंना माणसं होती.

साहेबांनी भिंग बदललं आणि बाणापाशी पुन्हा बघितलं.

“मी... हे...” साहेब म्हणाले. “मी हे ‘नाही’ लिहिलंय?”

“तुम्ही लिहिलं नाहीत. फॉर्मात आधीच असतं. तुम्ही खोडलं नाहीत, एवढंच.”

साहेब एकदम उसळले. “एवढंच? रोज ऐंशी काचा! दोन जागा वर्षभर रिकाम्या! मी एकटा माणूस किती...”

“खरं आहे, साहेब. सगळं खरं आहे. पण हे त्या नसेला सांगून चालेल का?”

मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी कारण शोधील. ‘शंकास्पद’ असा एखादा गुळमुळीत शब्द लिहून मोकळा होईल. असे शब्द मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि मला त्यांची तंबाखूपेक्षा जास्त किळस येते. पण नाही. त्यांनी फोन उचलला, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना लावला आणि म्हणाले, “माझ्याकडून चूक झालीये. नसेत रोग आहे. स्पष्ट आहे. मी बघितलं नव्हतं.” ‘बघितलं नव्हतं’ हे शब्द त्यांनी दोनदा उच्चारले. मग दुरुस्त केलेला कागद हातात घेऊन ते स्वतः बाकड्यापाशी गेले.

नानांची मुलगी काय बोलली ते मला नीट ऐकू आलं नाही. तिने आधी आवाज चढवला, मग रडली. एवढं मात्र ऐकू आलं: “मी घरभर सांगितलं हो, सुटलो म्हणून! आता बाबांना काय सांगू?”

ताई म्हणाल्या, “सांग, पंधरा दिवस हातात आहेत. आणि सांग, तुमच्या टोपऱ्याने वाचवले ते पंधरा दिवस.”

ते दिवस कसे गेले विचारू नका. शेक सुरू करायच्या आधी किडलेल्या दाढा काढाव्या लागतात, त्या भरून याव्या लागतात, शेकताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याचा साचा बनवावा लागतो. प्रत्येक खिडकीवर ‘पुढच्या आठवड्यात या’ असं लिहिलेलं. घाईसाहेब, ज्यांना जिना उतरायचाही कंटाळा, ते कागद घेऊन तीनदा त्या विभागात जाऊन आले. एकोणचाळिसाव्या दिवशी नानांचा शेक सुरू झाला.

इकडे साहेबांनी तो तयार फॉर्म पुसून टाकला. आता त्या ओळी कोऱ्या असतात, आणि दोघांनी बघितल्याशिवाय भरल्या जात नाहीत. पण माझी शिसारी तिथे संपली नाही, मित्रांनो. कारण साहेबांनी ते आल्यापासूनच्या तोंडाच्या कर्करोगाच्या सगळ्या काचा कपाटातून काढायला लावल्या. रोज दुपारी, जेवण झालं की, समोर ताईंना बसवून एकेक काच पुन्हा. एकोणीस जणांच्या नसेत रोग सापडला. एकोणीस ‘नाही’ खोटे. काही जणांना वेळेत बोलावता आलं. काहींची गाठ आधीच परत आली होती. एका घरी फोन लागला तेव्हा पलीकडून कुणीतरी म्हणालं, आता कशाला फोन केलात? साहेबांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

या गोष्टीला चार महिने झाले. परवा सकाळी बरोबर आठ वाजता दार ढकलून नाना आत आले. अर्धे झाले होते. शेकाने मानेची कातडी काळवंडलेली, आवाज जड, शब्द एकमेकांवर पडणारे. त्यांनी कुणाशी काही न बोलता माझं टोपरं काढलं, कागद घेतला आणि भिंगं पुसायला लागले. गोल गोल, पूर्वीसारखं. फुग्याने फुस्स. आणि त्यांच्या अंगाला कसलाच वास येत नव्हता. मी वाट बघत होतो, पण खरंच नव्हता. मधेच त्यांचा हात खिशाकडे गेला, डबी असायची त्या खिशाकडे. तिथे रुमाल होता. त्यांनी रुमाल काढला, तोंड पुसलं आणि परत ठेवला. तो हात तिथे जायचा थांबायला अजून किती वर्षं लागतील कोण जाणे.

ताईंनी ती तिसरी काच आणून ठेवली. बाण लावला. आणि इतक्या वर्षांत कुणी जे म्हणालं नव्हतं ते म्हणाल्या.

“नाना, या. बघा.”

नाना मागे सरकले. “मी?”

“तुम्हीच. तुमचीच आहे.”

नानांनी चष्मा काढला, वाकले, आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांना डोळे लावले. बराच वेळ बघत राहिले. समोरून ताई बघत होत्या.

“ही फिकी, ती माझी?”

“हो. ती नस.”

“आणि भोवती काळं?”

“ते.”

“एवढंसं?” नाना म्हणाले. “एवढंसंच होय?” मग डोळे न काढता, “बरण्या मीच आणायचो की गं.”

त्यांच्या श्वासाने माझं भिंग धुरकट झालं. ते लाजले, लगेच कागद घेऊन त्यांनी ते पुसलं, आणि पुन्हा वाकले.

नाना बरे होतील का, हे तुम्ही विचाराल. मला माहीत नाही. ताईंनाही माहीत नाही. मी दुर्बीण नाही, मला लांबचं दिसत नाही. ती नस उशिरा का होईना कुणीतरी बघितली आणि नानांना वाट मिळाली, एवढंच माझ्या हातचं होतं, आणि तेही एका टोपऱ्याच्या निमित्ताने.

तंबाखू खाऊ नका, हे तुम्हाला भिंतीभिंतीवर लिहिलेलं दिसतं. नानांनाही दिसत होतं. मी तेच पुन्हा सांगत बसणार नाही. माझं मागणं वेगळं आहे, मित्रांनो. उद्या तुम्ही डॉक्टर व्हाल, मास्तर व्हाल, पूल तपासाल, औषधं बांधाल, कुणाचे तरी कागद भराल. तेव्हा ‘नाही’ लिहिण्याआधी सगळी काच बघा. समोरची खुर्ची रिकामी असेल तर कुणाला तरी हाक मारून बसवा, मग तो शिपाई का असेना. आणि तुमच्या घरात कुणी आजारी पडलं, कागद हातात आला आणि त्यावर सगळं नाही, नाही, नाही असलं, तर आनंद जरूर करा. पण आधी खिडकीशी उभं राहून एकदा विचारा: बघितलंत ना?